निजवेल आणि साळूबाईचं गाढव

एक होता राजा. पण राजाचं आपल्याला इतक्यात काम नाही, त्याला बसू दे तिकडे सिंहासनावर. गोष्ट आहे गाढवाची. हं, हसायचं नाही! ज्याला हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्या, नि मग गपगार पडून राहा. बाळ्या, ठकूचं पांघरूण ओढू नकोस. तुला तुझं आहे.

तर त्या राजाच्या नगराचं नाव होतं पेंगुळपूर. डोंगराच्या पोटाशी, तळ्याच्या काठावर वसलेलं. तिथं सगळं काही होतं, पण झोप मात्र नव्हती. म्हणजे तुमच्या माझ्यासारखी नव्हती, बरं का. आपले कसे डोळे जड होतात, नि आपली आपण झोप येते, तशी तिथल्या माणसांना यायची नाही. तिथं झोप वेलाला यायची.

त्या वेलाला म्हणायचे निजवेल. दिवस मावळायला लागला की निजवेलावर निळसर कळ्या धरायच्या. नगरात जितकी घरं, तितक्या कळ्या. एक कमी नाही, एक जास्त नाही. कुणी नवं घर बांधलं, उंबरठ्याला हळदकुंकू लावलं, की त्या संध्याकाळी वेलावर एक कळी वाढलेली असायची. हे मोजत कोण होतं, कुणास ठाऊक. वेलच मोजत असेल.

एका घराला एक कळी. ती नेऊन उशाशी ठेवायची. मग ती हळूहळू उमलायची. तिचा वास घरभर पसरायचा. कसा? बाळाच्या टाळूला तेल घातल्यावर येतो ना, तसा. की झाली सगळी माणसं गाढ.

ही निजवेलाची बाग राखायची साळूबाई माळीण. एकटीच होती. म्हातारी होती. तिचा एक गुडघा चांगला होता आणि एक गुडघा रुसलेला होता. रोज दिवेलागणीला ती कळ्या खुडायची, टोपलीत भरायची, टोपली डोक्यावर घ्यायची आणि गल्लीगल्लीतून लंगडत लंगडत दारोदार कळी द्यायची. सगळ्यांची देऊन झाली की शेवटची कळी तिची. ती घेऊन घरी यायची नि पडायची.

एकदा काय झालं, गावातला येसबा कुंभार लेकीच्या गावी राहायला निघाला. त्याचे हात कापायला लागले होते. चाकावर मडकं धरलं की मडक्याला वाक यायचा. लेक म्हणाली, "बाबा, पुरे झालं आता." मग त्यानं चाक पुतण्याला दिलं, पण पुतण्याला गाढव नको होतं. त्याच्याकडं दोन होती.

येसबाचं गाढव होतं भुऱ्या. राखाडी रंगाचा, पाठीवर काळी रेघ, आणि कान हे एवढाले. उभा जन्म त्यानं येसबाची मडकी वाहिलेली. पेंगुळपुरातला एकेक माठ, एकेक पणती त्याच्या पाठीवरून घराघरात गेलेली होती. येसबा त्याला घेऊन साळूबाईच्या दारात आला. बरोबर त्याची गोणही आणली. गोण म्हणजे ओझं भरायचं जाड पोतं, पाठीवर टाकलं की दोन्ही अंगांना लोंबतं ते.

"साळूबाय," येसबा म्हणाला, "हे माझं लेकरू तुझ्या वटीत घालतो."

साळूबाईनं भुऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला. ओझ्यानं तिथले केस झडले होते. ती म्हणाली, "येसबादा, बिनघोर जा. ह्याच्या पाठीवर मी आता काडीसुदिक ठेवायची न्हाई. लई वाहिलं बिचाऱ्यानं."

गाडीत बसल्यावर येसबानं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. पण तेवढ्यात लेकीची बैलगाडी निघाली, घुंगरं वाजायला लागली, नि येसबा काय म्हणाला ते साळूबाईला ऐकू आलंच नाही. तिनं हात हलवला. गोण उचलली, घडी घातली आणि आढ्याला खोचून ठेवली.

आता भुऱ्याचे कसे लाड झाले म्हणता! सकाळी हिरवं गवत. दुपारी भाकरीचा कुटका, त्यावर गूळ. कपाळावर बोटभर तेल. साळूबाईला बोलायला कुणी नव्हतं इतके दिवस. आता ती त्याच्याशी बोलायची. गुडघ्याचं सांगायची, पावसाचं सांगायची, मेलेल्या नवऱ्याचं सांगायची. भुऱ्या कान पुढे करून ऐकायचा. गाढवासारखं ऐकणारं दुसरं जनावर नाही, तुम्हाला सांगते. लोक उगीच त्याच्या नावानं शिव्या देतात. मला राग येतो.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी उन्हं कलली, वेलावर कळ्या धरल्या, आणि भुऱ्या बेचैन झाला. इकडे जा, तिकडे जा. खुरानं माती उकर. मग सावकाश बागेत शिरला, आणि एक कळी पटकन खाल्ली.

खाल्ली, आणि उभ्या उभ्याच झोपला!

साळूबाईनं कळ्या मोजल्या. एक कमी. आता कुणाचं घर उपाशी ठेवायचं? तिनं आपली कळी दुसऱ्याला दिली नि आपण टक्क जागी राहिली. भुऱ्या आपला घोरतोय. ती त्याला म्हणाली, "भूक लागली व्हती व्हय रं? मला सांगायचं."

पण भूक कुठली? गवत समोर तसंच पडलेलं होतं.

मग दुसऱ्या दिवशी तिनं कुंपण केलं. चांगलं बोराटीचं, काटेरी. हात रक्ताळले बिचारीचे. आणि भुऱ्यानं काय करावं? ते कुंपणच खाल्लं. आपण पापड खातो ना, तसं कुरूम कुरूम करून काट्यांसकट खाल्लं. वर तोंडी लावायला तीन कळ्या.

तीन घरं जागी राहिली. शिंप्याचं, सोनाराचं आणि न्हाव्याचं. मग दुसऱ्या दिवशी शिंप्यानं पाटलाच्या सदऱ्याला तीन बाह्या शिवल्या. सोनारानं बांगडी म्हणून एवढुशी अंगठी केली. आणि न्हाव्यानं एकाची अर्धीच मिशी काढली नि तिथंच पेंगत बसला. उरलेली अर्धी घेऊन तो माणूस गावभर हिंडला. गावानं तेव्हा हसून सोडून दिलं.

मग साळूबाईनं दावं आणलं. जाड, सुंभाचं. भुऱ्याला लिंबाच्या झाडाला बांधलं, एकावर एक सात गाठी मारल्या. भुऱ्या उभा राहिला. उन्हं कलली. वेलावर कळ्या आल्या. भुऱ्यानं ओठ पुढे केले आणि एकेक गाठ सोडवली. घाई नाही, गडबड नाही. सातवी सोडवली आणि गेला बागेत. पाच कळ्या!

"आजी, मग त्याला कोंडून का नाही ठेवलं?" विचारलंस ना ठकू, शहाणी ती. कोंडून पाहिलं ना. पण गाढवाला कोंडलं की ते ओरडतं. आणि भुऱ्या ओरडला की निजवेल घाबरायचा. उमलायला आलेल्या कळ्या पुन्हा देठात शिरायच्या. झालं, सोडला त्याला.

त्या पाच घरांत एक घर कोष्ट्याचं होतं. त्याच्या सुनेला दहा दिवसांचं बाळ होतं. सकाळी ती बाळाला घेऊन साळूबाईच्या दारात आली. भांडली नाही, काही नाही. नुसती म्हणाली, "मावशी, लेकरू रातभर टाहो फोडत हुतं. दूध बी पिईना." आणि तिथंच खाली बसली. बाळाचा आवाज बसला होता रडून रडून.

साळूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपली कळी आपण दिली, तेव्हा काही वाटलं नव्हतं. पण हे दहा दिवसांचं लेकरू! तिनं भुऱ्याकडं पाहिलं. भुऱ्यानं मान खाली घातली. कळतं त्यांना सगळं.

मग तिनं केला आणखी एक उपाय. लसूण ठेचला, लवंगी मिरच्या ठेचल्या, घडाभर पाण्यात कालवल्या, आणि ते पाणी सगळ्या वेलावर शिंपडलं. संध्याकाळी भुऱ्या आला. त्यानं वास घेतला. फां करून शिंकला, नि परत फिरला. एकही कळी खाल्ली नाही! साळूबाईला असा आनंद झाला म्हणता. रुसलेल्या गुडघ्यावर नाचायची बाकी राहिली. टोपली भरून घरोघर कळ्या देऊन आली.

पण काय झालं असेल, सांगा बघू?

त्या कळ्या उमलल्या, त्यांचा वास पसरला, आणि सगळ्या पेंगुळपुराला झोपेत ठेचा दिसला. लाल ठेचा, हिरवा ठेचा. कुणाला मिरच्यांचा पाऊस लागला, कुणाच्या मागे लसूण लागला. सगळं नगर दचकून उठलं नि पाणी पाणी करत रांजणाकडं धावलं. आणि राजा? आता राजाचं काम आलं बरं का! राजाला स्वप्न पडलं की आपण मिरचीच्या सिंहासनावर बसलोय.

सकाळी राजा स्वतः बागेत आला. चालत आला. त्याला बसवत नव्हतं. डोळे लालबुंद. तसा राजा वाईट नव्हता, पण न झोपलेल्या माणसाशी कुणी बोलू नये. तो म्हणाला, "साळूबाई, आता पुरे. मिठाचा तांडा उतरलाय माळावर. आज दिवेलागणीला तो निघेल, तो मीठ आणायला थेट समुद्रापर्यंत. त्याआधी ते गाढव वाड्याच्या पायरीशी आणून तांड्याच्या नाईकाच्या हवाली करायचं."

"महाराज, त्यो म्हातारा झालाय," साळूबाई म्हणाली. "मिठाच्या गोणी घेऊन येवढी वाट चालला, तर वाटंतच बसंल."

"मग तू बाग सोड," राजा म्हणाला. "गाढव तरी किंवा बाग तरी. दोन्ही तुझ्याजवळ राहायची नाहीत."

आणि गेला.

साळूबाईनं दिवसभर तळ्यावरून पाणी आणलं. चाळीस घागरी. एकेक पान हातानं धुतलं, मिरचीचा वास गेला पाहिजे म्हणून. डोळ्यांतलं पाणी मात्र थांबत नव्हतं. बाग सोडावी, तर सगळं नगर जागं राहील. कोष्ट्याचं बाळ जागं राहील. भुऱ्याला सोडावं, तर मग संध्याकाळी गुडघ्याचं सांगायचं कुणाला? आणि येसबाला काय तोंड दाखवायचं? भुऱ्या तिच्या मागं मागं हिंडत होता, घागर भरली की घागरीला नाक लावत होता. ती म्हणाली, "लांब हो रं. माया नको लावूस."

उन्हं कलली. निघायची वेळ झाली.

आता त्या गावची एक रीत होती. घरचं जनावर दुसऱ्याच्या हवाली करायचं, तर त्याला उघड्या पाठीनं धाडायचं नाही. पाठीवर काहीतरी घालायचं. म्हणून साळूबाईनं आढ्याला खोचलेली ती गोण काढली. झटकली. त्यातून येसबाच्या भट्टीची राख उडाली. तिनं गोण भुऱ्याच्या पाठीवर घातली, नि त्याला लावायला हळदकुंकू आणि द्यायला भाकर आणायला आत गेली.

बाहेर येऊन बघते, तर भुऱ्या अंगणात नाही!

भुऱ्या बागेत होता. ऐन मधोमध, दोन वाफ्यांच्या मधल्या सरीत. दोन्ही बाजूंनी निजवेल, आणि आजच्या कळ्या, टपोऱ्या, निळ्या, अगदी त्याच्या ओठांना लागत होत्या. साळूबाईला वाटलं, झालं, आता हे सगळंच संपवतंय.

पण भुऱ्या खात नव्हता.

मान ताठ. कान उभे. चारी पाय सरळ. एक कळी वाऱ्यानं हलून त्याच्या नाकाला गुदगुल्या करत होती. त्यानं नाकपुडी फुलवली, पण तोंड उघडलं नाही. पानालासुद्धा धक्का नाही. तो नुसता उभा होता, वाट बघत.

साळूबाई बघतच राहिली. आणि मग तिला सगळं कळलं. रोज ऐन ह्याच वेळेला, उन्हं कलली की, येसबा त्याच्या पाठीवर गोण घालायचा. मडकी भरायचा. पाठीवर गोण आली की वाटेतल्या गवताला तोंड लावायचं नाही, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं. म्हणून तो ह्या वेळेला बेचैन व्हायचा. पाठीवर गोण नाही, करायला काम नाही, मग तोंडाला चाळा. येसबा गाडीतून ओरडून हेच सांगत होता की काय!

"अरं माज्या लेकरा," ती म्हणाली. "मी तुला सुख द्यायला गेले, नि तुजं कामच काढून घेतलं. चुकलं माजं."

मग तिनं काय केलं? टोपली बाजूला ठेवली. भराभरा कळ्या खुडल्या नि गोणीत भरल्या. निम्म्या ह्या अंगाला, निम्म्या त्या अंगाला. फुलांचं ते काय ओझं! पण भुऱ्यानं अंग सावरलं, जणू वीस माठ भरलेत. आणि चालायला लागला. टप, टप, टप, टप. कुणी हाकलला नाही, कुणी ओढला नाही. साळूबाई रिकाम्या हातानं मागं मागं.

पहिलं घर आलं. भुऱ्या थांबला. घरातल्या बाईनं गोणीतून आपली कळी घेतली. भुऱ्या पुढं निघाला. दुसरं घर आलं. थांबला. अरे, त्याला सगळी दारं पाठ होती! ह्याच दारांत त्यानं माठ पोचवले होते, ह्याच दारांत दिवाळीच्या पणत्या. शिंपी, सोनार, न्हावी. अर्ध्या मिशीचा तो माणूसही, त्यालाही त्याची कळी. कोष्ट्याच्या दारात तर तो नुसता थांबला नाही, अंग वळवून त्यानं गोण उंबरठ्याशी नेली. सुनेनं कळी घेतली, बाळाच्या उशाशी ठेवली. बाळानं एक जांभई दिली. एवढीशी. आणि बसलेला तो आवाज थांबला.

मग आली वाड्याची पायरी. तिथं राजा उभा, तांड्याचा नाईक उभा, मिठाचे बैल उभे. भुऱ्या चालत चालत राजापुढं आला नि थांबला. साळूबाईनं गोणीत हात घातला, राजाची कळी काढली आणि राजाच्या हातात ठेवली.

राजानं कळी धरली. दुसरा हात वर केला. म्हणाला, "नाईक, ह्या गाढवाला..."

आणि कळी उमलली.

आदल्या रात्रीची सगळी झोप साचली होती बिचाऱ्याची! हात वरच्या वर राहिला, मान खाली आली, आणि राजा पायरीवर बसला, बसला तो आडवाच झाला. घर्र, घुर्र. शेजारी नाईक झोपला. त्याच्या शेजारी बैल बसले, त्यांनी डोळे मिटले. हुकूम अर्धाच राहिला.

साळूबाईला काय करावं कळेना. भुऱ्याला कळलं. तो टप टप करत पुढच्या दाराकडं निघाला. अजून घरं होती ना.

सगळी घरं झाली. सगळं पेंगुळपूर निजलं. दोघं परत बागेशी आली. साळूबाईनं गोणीतून आपली कळी काढली. आणि गोण उतरवायला गेली, तर तळाशी आणखी एक कळी!

कुणाचं घर राहिलं? तिनं बोटावर मोजलं. पाटील झाले, शिंपी झाले, सोनार, न्हावी, कोष्टी, वाडा झाला. पुन्हा मोजलं. एकही घर राहिलं नव्हतं. मग ही कुणाची?

तिनं वेलाकडं पाहिलं. तिनं भुऱ्याकडं पाहिलं. भुऱ्या मान ताठ करून उभा होता, गोण उतरायची वाट बघत. घाम आला होता कानामागं.

आणि तिला समजलं, ही कुणाची ते. वेलानं मोजलं होतं.

साळूबाईनं गोण उतरवली. कळी तळहातावर धरली नि हात पुढं केला. गोण उतरली, तेव्हाच भुऱ्यानं तोंड खाली केलं. ओठांनी, अगदी हळूच, ती कळी उचलली. त्याची स्वतःची. मग दोघंही तिथंच, बागेच्या कडेला, एकमेकांना टेकून झोपली.

सकाळी राजा पायरीवर जागा झाला. डोळे पांढरेशुभ्र. हात अजून वरच होता. त्यानं आपलं वाक्य पुरं केलं. म्हणाला, "ह्या गाढवाला कुणी हात लावायचा नाही. हे असंच रोज येऊ दे." नाईक म्हणाला, "बरं महाराज," नि आपला तांडा घेऊन समुद्राकडं गेला. लेकीच्या गावी येसबाला कुणीतरी हे सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "अरं, मी गाडीतनं वरडत व्हतो ते हेच की!"

आणि मग त्या बागेला कधी कुंपण लागलं नाही की दावं लागलं नाही. कोष्ट्याचं बाळ मोठं झालं. साळूबाईचा रुसलेला गुडघासुद्धा हसायला लागला. सगळी माणसं पोटभर जेवली नि डोळाभर झोपली.

भुऱ्या? तो अजून येतो ना. पेंगुळपुराची घरं झाली की मग आपल्याकडं. ऐका. टप, टप, टप, टप. आला बघ. आपल्या दाराशी थांबलाय, मान ताठ करून. पाठीवर गोण आहे. बाळ्या आपलं फूल घेईपर्यंत त्याला पुढं जाता यायचं नाही, आणि पुढं अजून किती घरं आहेत, किती बाळं जागी आहेत. त्याला उभं ठेवू नये असं. म्हातारा आहे तो.

हात पुढं कर. घेतलंस? ठकू, तुझं घेतलंस? उशाशी ठेवा. आता डोळे मिटा.

जा बाबा भुऱ्या, निजली ही दोघं. शेवटचं एक तुझ्यासाठी आहे गोणीत.